पाणी आधी मोरीतून वर येतं

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत पाठ्यपुस्तकातले दोन उतारे येतात, दहा-दहा गुणांचे. उतारा गोष्टीतला असो, कुणाच्या भाषणातला असो, नाहीतर एखाद्या शास्त्रज्ञाच्या चरित्रातला असो, खालचे प्रश्न ठरलेल्या क्रमानंच येणार. ए-वन सोपा, उताऱ्यातून उचलून लिहायचा. ए-टू जरा डोकं चालवायला लावणारा. मग शब्दसंपत्ती, मग व्याकरण आणि शेवटी ए-फाइव्ह, म्हणजे पर्सनल रिस्पॉन्स. पोरं उताऱ्याच्या आधी प्रश्न वाचतात आणि मग उताऱ्यावरून बोट फिरवत उत्तर हुडकतात. गाइडमध्ये हीच युक्ती दिलेली असते आणि गुणांच्या हिशेबानं ती चुकीची नाही.

माझी तक्रार परीक्षेबद्दल नाही. परीक्षा म्हटली की साचा आलाच. तक्रार अशी की हा साचा मागं सरकत सरकत सातवी-आठवीपर्यंत आला आणि पोरांना गोष्ट आणि बातमी वेगवेगळ्या वाटेनाशा झाल्या. व्याख्या विचारली तर पाठ आहे: फिक्शन म्हणजे काल्पनिक, नॉन-फिक्शन म्हणजे सत्य. पुढं काय, तर काही नाही. गोष्ट वाचली की 'मोरल' काढायचं, माहितीचा उतारा वाचला की आकडे आणि तारखा अधोरेखित करायच्या. नववीला पंचगंगेच्या महापुराची बातमी लिहायला दिली होती, तर एका पठ्ठ्यानं सवयीनं बातमीखालीसुद्धा मोरल लिहिलं: 'सेव्ह वॉटर.'

मी कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो. शाळा शहरात आहे, पण निम्मी पोरं केएमटीच्या बसनं येतात, वडणगे, आंबेवाडी, प्रयाग चिखलीकडून. नदीकाठची गावं. 2019 चा महापूर आला तेव्हा ही पोरं प्राथमिकला होती, दोनच वर्षांनी 2021 चा आला. त्यांना पूर पुस्तकातून शिकवावा लागत नाही. उरलेली निम्मी राजारामपुरी, सम्राटनगर अशा उंचावरच्या भागातली. त्यांच्या लेखी पूर म्हणजे नळाला पाणी नाही, दुधाची पिशवी मिळत नाही आणि शाळेला सुट्टी. एका बाकावर दोघं शेजारी बसतात. मला याहून चांगलं साहित्य कुठल्या पुस्तकात मिळणार होतं?

म्हणून सुरुवात केली ती पूरस्थितीच्या रोजच्या पत्रकापासून. जुलै-ऑगस्टमध्ये ते कोल्हापुरातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी इतके फूट इतके इंच, इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, पाण्याखाली गेलेले बंधारे, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडे, विसर्ग किती क्युसेक. मी त्याचं साधं इंग्रजी करून फळ्यावर लिहितो आणि एकच विचारतो: हे कुणी लिहिलंय आणि कुणासाठी?

पहिल्या अर्ध्याचं उत्तर लगेच येतं, 'गव्हर्नमेंटनं, सर.' दुसऱ्या अर्ध्यावर वर्ग थांबतो. 'लोकांसाठी.' कुठल्या लोकांसाठी? एक म्हणाली, ज्यांच्या घरात पाणी येणार त्यांच्यासाठी. त्यावर आंबेवाडीचा एक जण म्हणाला, 'आमच्या आज्ज्याला फूट-इंच कळत नाही सर. तो घाटाच्या पायऱ्या बघतो आणि सांगतो, आज बांधाबांध करा म्हणून.' मग पत्रकातल्या कुठल्या ओळी आज्ज्याच्या उपयोगाच्या, कुठल्या अधिकाऱ्याच्या, कुठल्या पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या, अशी वाटणी सुरू झाली. ज्या मजकुरात वाचण्यासारखं काही नाही असं मी स्वतः समजत आलो होतो त्यावर अख्खा तास गेला.

आकड्यांचंही तसंच. क्युसेक हा शब्द सगळ्यांना पाठ, पण तो म्हणजे किती हे एकालाही सांगता येईना. सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. राधानगरीच्या एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी पडतं, म्हणजे दर सेकंदाला 40 हजार लिटर. हिशेब पोरांनीच केला, गणिताच्या सरांकडून तपासून आणला. लेखनकौशल्यात 'इन्फर्मेशन ट्रान्स्फर' नावाचा प्रश्न असतो, तक्त्याचा परिच्छेद करा किंवा परिच्छेदाचा तक्ता करा. गाइडमधले तक्ते पोरं झोपेत सोडवतात. या तक्त्याला वेळ लागला, कारण कुठला आकडा आधी सांगायचा यावर भांडणं झाली.

आता या परिच्छेदांची गंमत. एकानं लिहिलं, 'द गव्हर्नमेंट ओपन्ड द गेट्स.' एकीनं लिहिलं, 'द गेट्स वेअर ओपन्ड.' आणखी एकानं, 'द गेट्स ओपन्ड.' व्याकरणाच्या पेपरात तिन्ही वाक्यांना पूर्ण गुण. पण राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणात पाणी ठरावीक पातळीला पोचलं की दाबानं दरवाजा आपसूक उघडतो, पातळी उतरली की आपसूक बसतो. कुणी बटण दाबत नाही. म्हणजे तिन्हीत वस्तुस्थितीला धरून असलेलं वाक्य एकच, तिसरं. मधलं वाक्य सगळ्यात फसवं, त्यात माणूस दिसत नाही, पण कुणीतरी आहे असा संशय मागं राहतो. मग मी कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाकडं वळवलं. तिथले दरवाजे माणसं चालवतात. 'वॉटर वॉज रिलीज्ड' असं वाक्य आलं की आपण विचारायचं: कुणी, कधी, कुणाला सांगून? 'चेंज द व्हॉइस' मी बरीच वर्षं शिकवतोय, पण पॅसिव्ह व्हॉइस माणसं कशासाठी वापरतात हे नववीला इतकं झटक्यात कळलेलं मी याआधी पाहिलं नव्हतं.

पत्रकानंतर बातमी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. त्या आठवड्याच्या इंग्रजी बातम्या पोरांनी घरून मिळवल्या. पत्रकात माणूस नसतो, बातमीत असतो, पण कुठला? अधिकारी बोलतात, मंत्री बोलतात, 'अ रेसिडेंट' एका वाक्यापुरता येतो, बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात. बातमीतल्या प्रत्येक वाक्यापुढं 'हे बातमीदाराला कसं कळलं असेल' ते पेन्सिलीनं लिहा, एवढाच गृहपाठ. स्वतः पाहिलं, कुणी सांगितलं, कागदावरून घेतलं, की अंदाज. अंदाजाच्या खुणा मला वाटल्या होत्या त्याहून जास्त निघाल्या.

आणि मग गोष्ट. गोष्ट मीच लिहिली, एक पानाची, सोप्या इंग्रजीत. नदीकाठच्या गावातला गिरणीवाला. ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून गाव खाली करायला सांगितलंय आणि बाया दळणाचे डबे घेऊन रांगेत उभ्या आहेत, कारण पाहुण्यांच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं. लाइट जाईपर्यंत तो दळत राहतो. मग मोटरचे नटबोल्ट सोडवतो, दोघांच्या मदतीनं मोटर ट्रॅक्टरमध्ये चढवतो. एक डबा तसाच राहिलेला असतो, कुणाचा ते गोष्टीत सांगितलेलं नाही.

'सर, मोरल?' हे आलंच. नाही म्हटलं. मग मी दोन्ही कागद शेजारी ठेवायला सांगितले. पत्रकात या संध्याकाळची ओळ कुठली? ही गिरणी बंद पडली तेव्हा बंधाऱ्यावर किती पाणी असेल? चिखलीच्या मुलानं फारसा विचार न करता सांगितलं, '41 आणि 43 च्या मध्ये सर. 43 ला आमच्यात लाइट ठेवत नाहीत.' पत्रक वाचायला गोष्टीचा असा उपयोग होईल हे माझ्या नियोजनात नव्हतं, आणि नियोजनाच्या वहीत त्यासाठी रकानाही नसतो. राहिलेल्या डब्यावर मात्र एकमत झालं नाही. कुणी म्हणालं म्हातारीचा, कुणी म्हणालं जी आधीच निघून गेली तिचा. एका मुलीनं गिरणीवाल्याच्याच घरचा असणार असं ठामपणे सांगितलं. दुसऱ्यांचं दळता दळता स्वतःचं राहिलं. हे मी लिहिताना माझ्या डोक्यात नव्हतं. आता ती गोष्ट तिला दिसली तशीच मला दिसते.

पुढच्या तासाला पोरांनी गोष्टी लिहिल्या. राजारामपुरीचा एक मुलगा, इंग्रजी उत्तम, वाचनही बरं. त्याच्या गोष्टीत मध्यरात्री पाण्याची प्रचंड लाट येते आणि क्षणात घर वाहून जातं. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून चिखलीच्या मुलाचा आवाज आला.

'खरं सर, लाट येत नाही. पाणी चढतं.'

'गोष्ट आहे. गोष्टीत काहीपण चालतं,' राजारामपुरी.

'काहीपण कसं चालंल? आधी मोरीतनं वर येतं पाणी. उंबऱ्यावरनं नंतर. रात्री अंगणात नसतं आणि सकाळी चपला तरंगत असतात.'

मी मध्ये पडलो नाही. वर्गाचे सरळ दोन गट पडले. एका गटाचं म्हणणं, काल्पनिक म्हणजे सूट. दुसऱ्या गटाचं, ज्यानं पूर पाहिलाय त्याला ही गोष्ट पहिल्याच पानावर खोटी वाटणार, मग तो पुढं कशाला वाचंल? शेवटी लेखकानंच पडतं घेतलं, पण ऐटीत. गोष्ट बदलून आणली. आता त्यात एक मुलगा अभ्यास करत बसलाय आणि मोरीतून बुडबुड आवाज येतो, आई म्हणते उंदीर असेल. लाटेपेक्षा हा आवाज कितीतरी भीतिदायक होता. चिखलीच्या परीक्षकानं मान हलवली आणि व्याकरणाच्या दोन चुकाही काढल्या, त्यातली एक चूक नव्हती.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. खरं-खोटं या निकषावर फिक्शन आणि नॉन-फिक्शन यांची विभागणी केली की दोन्हीचं वाचन बिघडतं. गोष्टीत तपशील तपासायचे नाहीत असं पोरं धरून चालतात आणि माहितीच्या मजकुरात लिहिणाऱ्याची निवड शोधायची नाही असंही. खरं तर गोष्टीला 'हे असं होऊ शकतं का' विचारावं लागतं आणि बातमीला 'हे कुणी निवडलं, काय गाळलं' विचारावं लागतं.

लुईझ रोझेनब्लाट या अमेरिकन विदुषीनं वाचकाच्या बाजूनं हेच मांडलं होतं. वाचून झाल्यावर सोबत काय न्यायचं यावर लक्ष ठेवून केलेलं वाचन एक, आणि वाचता वाचता मनात जे घडतं त्यावर लक्ष ठेवून केलेलं दुसरं. तिचं उदाहरण बी.एड.ला ऐकलं तेव्हापासून डोक्यात आहे: मुलानं विषारी द्रव प्यालंय आणि आई बाटलीवरची, विषावर उतारा काय द्यायचा ती सूचना वाचतेय. त्या आईला शब्दांचा नाद ऐकू येणार नाही. पण रोझेनब्लाट असंही म्हणते की एकच मजकूर दोन्ही तऱ्हांनी वाचता येतो. हा भाग नोट्समध्ये गळतो आणि विद्यार्थी 'कथा म्हणजे अमुक वाचन, लेख म्हणजे तमुक वाचन' असं लिहून मोकळे होतात.

बाहेरच्या देशांत हा झगडा जोरात झालाय. अमेरिकेत 2010 ला कॉमन कोअर नावाची मानकं आली, त्यात बारावीपर्यंत वाचनातला 70 टक्के वाटा माहितीपर मजकुराचा असावा असं होतं. तो वाटा विज्ञान, इतिहास धरून सगळ्या विषयांचा मिळून होता, पण अनेक ठिकाणी तो इंग्रजीच्या शिक्षकाच्याच डोक्यावर आला आणि कथा-कविता कापल्या जाणार म्हणून ओरड झाली. इंग्लंडमध्ये 2017 पासूनच्या जीसीएसई, म्हणजे तिथल्या दहावीसारख्या, इंग्लिश लँग्वेज परीक्षेत न पाहिलेले उतारे येतात आणि त्यात एकोणिसाव्या शतकातला मजकूरही असतो. दीडशे वर्षांपूर्वीचं एखादं पत्र आणि आजचा लेख समोरासमोर ठेवून दोघांच्या दृष्टिकोनाची तुलना करायची. हे मला आवडतं. टक्केवारीचं भांडण मात्र आपल्याकडं कुणी आणू नये, आपल्याकडं आधीच पुरेशी भांडणं आहेत.

जुना मजकूर म्हटला की कोल्हापूरच्या पोरांना पन्हाळा आठवतो. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जाणारी दरवर्षी वर्गात दोन-चार तरी असतात. 1660 ची घटना, सिद्दी जौहरचा वेढा, विशाळगडाकडची वाट, घोडखिंड. सगळं तोंडपाठ. मी विचारलं, यातला कुठला तपशील तुम्हाला कुठून कळला? पत्रातून, बखरीतून, पोवाड्यातून, कादंबरीतून, सिनेमातून, की मोहिमेतल्या दादांकडून? प्रामाणिक पोरं आहेत, बहुतेक तपशील शेवटच्या दोन खात्यांत गेले. त्यावर एक मुलगी जरा घाबरून म्हणाली, 'म्हणजे सर, बाजीप्रभू खरे नाहीत?'

बाजीप्रभू खरे. खिंड खरी. पण शेवटच्या घटकेला ते जे बोलले ते लिहून घ्यायला खिंडीत कारकून बसलेला नव्हता, ते कुणीतरी नंतर त्यांच्या तोंडी घातलंय. ज्यानं घातलं त्यानं का घातलं असेल हा इंग्रजीच्या तासाचा प्रश्न आहे आणि तो मोठा चांगला प्रश्न आहे. हा विषय मी जपून घेतो, घरी अर्धवट पोचला तर काय होईल ते कोल्हापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. पण घेतो. चरित्र, बखर, ऐतिहासिक कादंबरी यांच्या सीमा ज्या पोरांना सगळ्यात जास्त लागणार आहेत त्यांना त्या दाखवायच्या नाहीत, आणि व्हेल माशाच्या उताऱ्यावर मात्र 'फॅक्ट ऑर ओपिनियन' सोडवून घ्यायचं, हे मला जमत नाही.

स्टाफरूममध्ये यावर दोन मतं आहेत. 'पोर्शन कधी संपवणार?' हे पहिलं, आणि ते रास्त आहे. हे सगळं करायला मला ऑफ पिरियड मागून घ्यावे लागतात, पीटीचे सर उदार आहेत म्हणून चालतं. दुसरं मत, अशानं गुण वाढतात का? वाढतात असं मी छाती ठोकून सांगणार नाही. ए-फाइव्हची उत्तरं लांब झाली एवढं नक्की. काही नको इतकी लांब झाली.

दिवाळीनंतर आलमट्टी घेणार आहे. धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करायचा कर्नाटकचा प्रस्ताव, त्याला आपल्याकडचा विरोध, आणि दोन्ही बाजूंचे इंग्रजी लेख. पलीकडच्या बाजूचा लेख वाचताना वर्ग शांत बसेल अशी माझी अपेक्षा नाही. विजापूर-बागलकोटच्या शेतकऱ्याला पाणी का हवंय, हे त्याच्याच शब्दांत वाचल्याशिवाय कुणी विरोधात लिहायचं नाही, एवढी अट आहे.

आता राहिला तो न्यूज रिपोर्टचा प्रश्न. लेखनकौशल्यात एक हेडलाइन देतात आणि तिच्यावर बातमी लिहायला सांगतात. डेटलाइन, इंट्रो, मजकूर. हेडलाइनपलीकडं पोरांच्या हातात काही नसतं. त्यामुळं मृतांची संख्या, पालकमंत्र्यांचं वाक्य, प्रत्यक्षदर्शी, सगळं त्यांनीच रचायचं. पेपर तपासताना मी एकेका गठ्ठ्यात पंचगंगेत लाखो माणसं बुडवलेली पाहिली आहेत, आणि आराखडा बरोबर म्हणून गुणही दिलेत. सगळ्या कृतिपत्रिकेत शंभर टक्के काल्पनिक लेखन कुठं होत असेल तर ते इथं.

चाचणीत चिखलीच्या एका मुलीनं पुराची बातमी लिहिली, तिच्यात बाधितांचा आकडाच नव्हता. कुठल्या गल्लीत पाणी आलं, जनावरं कुठं हलवली, शाळेत कुणी स्वयंपाक केला, हे सगळं होतं, प्रत्येक वाक्यापुढं कुणी सांगितलं तेही होतं. आकडा का नाही विचारलं.

'मला माहीत नाही सर किती ते. तुम्हीच म्हणताय ना, कुठनं कळलं ते लिहा.'

परीक्षेत मात्र पटेल असा आकडा घालायचा, म्हटलं, नाहीतर तपासणारा गुण कापेल.

'म्हणजे मोठ्या परीक्षेला मनानं लिहायचं?'

हो.

'मग मी त्यात गिरणीवाला घालू?'

घाल म्हटलं. पण त्याला एकच वाक्य, आणि शेवटच्या परिच्छेदात.